निचऱ्याच्या जाळीची डागडुजी आणि काचबिंदू

काचबिंदूत बहुतेकदा डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. त्याचं निदान झालेल्या घरात दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला, डोळ्याचं प्रेशर म्हणजे बीपीच. बीपीची गोळी चालू आहे, मग हेही उतरेल. दुसरा, डोळ्यात पाणी जास्त व्हायला लागलं म्हणून प्रेशर वाढलं. पहिला साफ चुकीचा आहे. बीपी उत्तम ताब्यात असलेल्या माणसाच्या डोळ्याचा दाब खुशाल ३० मिलिमीटर पारा, म्हणजे बराच जास्त, असू शकतो. दुसरा मात्र सत्याच्या जवळून जातो आणि नेमक्या जागी चुकतो. काचबिंदूच्या बहुतेक पेशंटच्या डोळ्यात पाणी पूर्वीइतकंच तयार होत असतं. ते बाहेर जायची वाट जड झालेली असते.

वाट जड का होते? तिथे कचरा अडकतो, असं उत्तर आपण पटकन देऊन टाकतो. पण ती वाट म्हणजे काही पाइप नाही. ते जिवंत ऊतक आहे. रोज थोडं मोडलं जातं, रोज थोडं नव्याने बांधलं जातं. मोडण्याचं काम ज्या एन्झाइमांकडे आहे, ती मंदावली की दाब चढतो. गंमत म्हणजे काचबिंदूचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध, सगळ्यात सौम्य लेझर आणि डोळ्यांसाठी सगळ्यात बेफिकिरीने विकत घेतले जाणारे ड्रॉप्स, हे तिन्ही याच एन्झाइमांशी जाऊन भिडतात. पहिले दोन त्यांना जागं करतात, तिसरे त्यांना झोपवतात.

आधी पाण्याबद्दल. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात; हे पाणी आत, बुबुळाच्या पुढे-मागे खेळत असतं. कॉर्निया (डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच) आणि लेन्स यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर आरपार दिसलंच नसतं. म्हणून रक्ताचं काम हे पाणी करतं: साखर, ऑक्सिजन पोचवायचा, टाकाऊ माल उचलायचा. बुबुळाच्या मागच्या सिलिअरी बॉडी नावाच्या कड्यातून ते सतत पाझरतं, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. ड्रॉप्सच्या बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे तेवढं पाणी तयार करायला डोळ्याला साधारण बारा ते पंचवीस मिनिटं लागतात. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावतं आणि ते दीड-दोन तासांत बदलून निघतं.

बाहेर पडायचे रस्ते दोन. मुख्य रस्ता कॉर्निया आणि बुबुळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आहे. तिथे ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाची स्पंजासारखी जाळी आहे. जाळीच्या पलीकडे डोळ्याला गोल वळसा घालणारी बारीक नळी, श्लेमची कॅनाल; जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिख श्लेम यांनी १८३० मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून हे नाव. नळीतून पाणी पांढऱ्या भागावरच्या शिरांमध्ये आणि तिथून रक्तात. दुसरा रस्ता आडवाटेचा आहे. सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधल्या फटींतून पाणी झिरपत मागे जातं. पुढे औषधांकडे वळू तेव्हा ही आडवाट कामी येईल, लक्षात असू द्या.

आता थोडा हिशेब करू. बाहेरच्या शिरांमध्ये मुळातच साधारण ८ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. त्याच्या विरोधात मिनिटाला सुमारे २.४ मायक्रोलिटर पाणी ढकलायचं आहे. निरोगी जाळीतून दर १ मिलिमीटर दाबामागे मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर जातं असं धरू. मग ढकलायला ८ लागले, शिरांचे ८ होतेच, बेरीज १६. डोळ्याचा दाब १० ते २१ च्या दरम्यान असला की सर्वसाधारण मानतात, म्हणजे १६ हा अगदी घरगुती आकडा. आता जाळीची क्षमता निम्मी करा, ०.३ ची ०.१५. पाणी तेवढंच. ढकलायला १६ लागतात, शिरांचे ८, एकूण २४. आडवाट मी हिशेबात धरलेली नाही, पण मुद्दा कळायला एवढं पुरे. एक थेंबही जास्त तयार न होता दाब १६ वरून २४ वर जातो.

ही क्षमता नेमकी कुठे घटते? अमेरिकेतल्या मॉर्टन ग्रँट यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत मृत्यूनंतर काढलेल्या मानवी डोळ्यांत पाणी सोडून पाहिलं. त्यांनी जाळी चिरून टाकली तेव्हा प्रवाहाला होणारा बहुतेक अडथळा नाहीसा झाला. पुढच्या अभ्यासांतून संशयाची सुई जाळीच्या अगदी शेवटच्या थरावर आली. श्लेमच्या नळीला लागून असलेला हा थर साधारण १० मायक्रॉन जाडीचा. आपला केस ६०-७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्याचा दाब ठरवणारी बहुतेक घडामोड इतक्या पातळ पट्ट्यात होते.

या थरात पेशी विरळ आणि पेशींमधला माल जास्त. त्या मालाला शास्त्रात मेट्रिक्स म्हणतात. त्यात कोलॅजनचे दोर आहेत, इलास्टिनचे लवचीक धागे आहेत, पेशींना दोरांशी चिकटवणारं फायब्रोनेक्टिन आहे आणि पाणी धरून फुगणाऱ्या साखरेच्या लांब साखळ्या आहेत. नागपूरकराला हे सांगायला कूलर पुरेल. मार्चमध्ये नव्या ताट्या बसवल्या की पाणी सुरेख झिरपतं, वारा गार येतो. बोअरचं पाणी असलं तर जूनपर्यंत वूडवूलवर पांढरा क्षार बसतो, काड्या कडक होतात, वाराही अडतो आणि पाणीही. आपण ताट्या फेकतो, दुसऱ्या आणतो. डोळ्यातली ताटी मात्र सत्तर-ऐंशी उन्हाळे तीच असते आणि ती बदलायला कोणी येत नाही. म्हणून तिथल्या पेशीच ती काडी-काडीने बदलत राहतात: जुना दोर कापायचा, गिळायचा, नवा विणायचा.

कापण्याची कात्री ज्या प्राण्यात पहिल्यांदा सापडली, तो नागपुरात पावसाळ्यात कुठल्याही डबक्यात दिसतो. बेडकाच्या पिल्लाला शेपटी असते आणि मोठं होताना ती नाहीशी होते. तुटून पडत नाही, विरघळून शरीरात जिरते. शेपटीत कोलॅजन भरपूर आणि कोलॅजन हे अतिशय चिवट प्रथिन. ते विरघळवतं कोण? १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी पिल्लाच्या शेपटीच्या कातडीचे तुकडे कोलॅजनच्या जेलीवर ठेवले. तुकड्यांच्या भोवतालची जेली वितळून गेली. म्हणजे जिवंत ऊतकातूनच काहीतरी झिरपत होतं आणि कोलॅजन कापत होतं. या कुटुंबाला पुढे मेट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज हे नाव पडलं, थोडक्यात एमएमपी. माणसात या कुटुंबाचे वीसहून जास्त सदस्य आहेत. प्रत्येकाच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो आणि कापण्याचं काम त्याच्या जोरावर चालतं. कोणी जाड कोलॅजन कापतं, कोणी कापलेल्या तुकड्यांचा बारीक चुरा करतं, कोणी फायब्रोनेक्टिन आणि इतर चिकट माल साफ करतं. आपल्या जाळीत महत्त्वाचे म्हणजे एमएमपी-२, एमएमपी-३, एमएमपी-९ आणि पेशीच्या पृष्ठभागावरच रोवलेलं एमएमपी-१४.

अशी कात्री उघडी ठेवून चालत नाही. म्हणून पेशी ती म्यानात घालूनच बाहेर सोडते. एन्झाइमच्याच साखळीचा एक तुकडा जस्तावर झाकण बनून बसतो, तो निघेपर्यंत ते निकामी. शिवाय टिम्प नावाची चार प्रथिनं पहारा देत असतात. उघड्या एमएमपीच्या तोंडात जाऊन बसायचं आणि काम बंद पाडायचं, एवढंच त्यांचं काम. जाळी मोकळी राहणार की दाटणार, हे किती एमएमपी जागे आहेत आणि किती टिम्प त्यांच्या उरावर बसलेत यावर ठरतं.

अमेरिकेत ऑरेगनमध्ये टेड अकॉट यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे प्रत्यक्ष करून पाहिलं. दान केलेल्या डोळ्याचा पुढचा भाग काचेच्या बशीत जिवंत ठेवता येतो. त्यातून ठरावीक वेगाने द्रव सोडत राहायचं आणि निचरा मोजायचा. एमएमपी घातलं, निचरा वाढला. एमएमपीला रोखणारी द्रव्यं घातली, निचरा घटला. ती काढून घेतली, हळूहळू पूर्ववत. मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारा भाग याच्या पुढचा आहे. दाब वाढला की जाळी ताणली जाते. हा ताण पेशींना कळतो. ताणलेल्या पेशी एमएमपी-२ आणि एमएमपी-१४ जास्त सोडतात, टिम्प-२ कमी करतात. एक-दोन दिवसांत वाटेतला माल थोडा साफ होतो, अडथळा उतरतो, ताण जातो, एन्झाइमही परत मंद. मोजायला कुठलं यंत्र नाही, मेंदूकडून हुकूम नाही. जाळी स्वतःच दाब ओळखते आणि स्वतःच दुरुस्त होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्याचा दाब आयुष्यभर १२ ते १८ च्या आसपास राहतो, त्याच्यामागे ही न दिसणारी दुरुस्ती आहे.

ती बिघडते कशाने? वय हे पहिलं कारण. जाळीतल्या पेशी वयानुसार कमी होत जातात. काम तेवढंच, कामगार कमी. दुसरं कारण रासायनिक आहे. काचबिंदूच्या अनेक पेशंटच्या डोळ्यातल्या पाण्यात टीजीएफ बीटा-२ नावाचा संदेशरेणू जास्त आढळतो. जखम भरताना हाच रेणू पेशींना सांगतो की बांधा, भरा, घट्ट करा. हाताला कापलं असेल तर तो सल्ला योग्य. जाळीत तोच सल्ला रोज मिळत राहिला तर फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजनचा ढीग साचतो. वरून हा रेणू एमएमपीचं म्यान काढणाऱ्या साखळीलाही लगाम घालतो. म्हणजे विणणं वाढलं आणि कापणं थांबलं, दोन्ही बाजूंनी नुकसान. स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या प्रकारात, जिथे लेन्सवर पांढरा कोंडा दिसतो, तिथेही टिम्प वरचढ झालेले आढळले आहेत.

हे सगळं ओपन अँगल प्रकाराबद्दल, म्हणजे कोपरा उघडा आहे पण जाळी जड झाली आहे. आपल्याकडे अँगल क्लोजरही बराच आहे. त्यात बुबुळच पुढे येऊन जाळीच्या तोंडावर बसतं. तिथे एन्झाइमचा प्रश्न नंतरचा, आधी लेझरने बुबुळाला भोक पाडून पाण्याला वाट करून द्यावी लागते. कुठला प्रकार आहे हे बाहेरून बघून कळत नाही. आरशाची लेन्स डोळ्यावर टेकवून कोपरा बघावा लागतो, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. काचबिंदूची फाइल उघडली आणि त्यात गोनिओस्कोपीची नोंदच नसेल, तर विचारायला संकोच करू नका.

आता स्टिरॉइड. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण नागपुरात हा विषय पुस्तकी नाही.

एप्रिल-मे म्हणजे धूळ, लू आणि ४५ अंश. मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात, चिकट तार येते. पाच ते पंधरा वयाच्या मुलग्यांमध्ये उष्ण-कोरड्या हवेत होणारी ही ॲलर्जी डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीची आहे. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. २०२३ मध्ये राज्यभर आली होती. दोन्ही वेळी पहिला थांबा कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. "डोळे आले का जी? हे टाका, दोन दिवसात उतरते." आणि खरंच उतरतं. लाली जाते, खाज जाते. कारण त्या छोट्या बाटलीत अँटिबायोटिकच्या जोडीला बहुतेकदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं. मग बाटली फ्रिजच्या दारात कायमची राहायला येते. पोराचे डोळे लाल झाले की टाक, आजीच्या डोळ्यात कचरा गेला की टाक. असे ड्रॉप्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. नियम कागदावर आहे.

स्टिरॉइड जाळीत काय करतं? एमएमपीचं उत्पादन खाली आणतं, फायब्रोनेक्टिनसारख्या मालाचं उत्पादन वर नेतं. पेशींच्या आतला सांगाडाही कडक होतो, त्यामुळे त्यांना ताण ओळखणं आणि माल गिळणं जमेनासं होतं. एका औषधाने विणकर जोरात आणि कात्री बोथट. १९६० च्या दशकात आर्माली आणि बेकर यांच्या अभ्यासांतून दिसलं की काही आठवडे स्टिरॉइडचे ड्रॉप्स टाकले तर साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब लक्षणीय चढतो आणि सुमारे ५ टक्क्यांचा तर फारच. आपण त्या ५ टक्क्यांत आहोत की नाही हे आधी सांगणारी सोपी चाचणी नाही. ज्यांना आधीच काचबिंदू आहे किंवा आईवडिलांना आहे, त्यांना धोका जास्त. मुलांचा दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो.

दाब चढतो तेव्हा दुखत नाही. डोळा तर उलट पांढरा, स्वच्छ, शहाण्यासारखा दिसतो. आत दृष्टीच्या नसेतले दहा-बारा लाख तंतू एकेक करून मरत असतात आणि नजर कडेकडेने जाते. शाळेतलं मूल फळ्यावरचं सगळं वाचतं, पण बाजूने येणारी सायकल त्याला दिसत नाही. वेळेत औषध थांबवलं तर जाळी बहुतेकदा काही आठवड्यांत मोकळी होते, दाब उतरतो. मेलेला तंतू मात्र परत येत नाही. म्हणून ड्रॉप्सच्या खोक्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट, लोटेप्रेडनॉल यातलं काही वाचलंत, तर किती दिवस टाकायचं आणि दाब कधी तपासायचा हे विचारल्याशिवाय झाकण उघडू नका. फ्लुरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल त्यातल्या त्यात सौम्य आहेत की नाहीत ही चर्चा डॉक्टरांशी करायची, दुकानदाराशी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर स्टिरॉइड देतात ते आवश्यक असतं, ठरावीक दिवस आणि कमी कमी करत. ते घाबरून बंद करू नये. पापणीभोवती लावायची स्टिरॉइड मलमंही या हिशेबात येतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

एन्झाइम जागं करणारी औषधं याच्या नेमकी उलट. लॅटानोप्रोस्ट हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रात्री एक थेंब. प्रोस्टाग्लँडिन या दाहाशी जोडल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या जातीचं हे औषध, त्यामुळे ते डोळ्याचा दाब उतरवेल यावर सुरुवातीला फारसं कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. लास्लो बिटो यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की कमी मात्रेत ते दाब खाली आणतं. कसं? मघाची आडवाट आठवा. सिलिअरी स्नायूच्या पेशी या औषधाने एमएमपी-१, २, ३, ९ जास्त सोडतात. तंतूंमधलं कोलॅजन कमी होतं, फटी रुंदावतात, पाणी मागच्या वाटेने जास्त जायला लागतं. दाब साधारण २५ ते ३० टक्के उतरतो. पूर्ण परिणाम यायला काही आठवडे लागतात, कारण फटी रुंदावणं हे बांधकाम आहे, नळ फिरवणं नाही. पहिल्या चार दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणारे पेशंट असतात, त्यांना हे समजावून सांगायला हवं. पापण्यांचे केस लांब-दाट होणं, डोळा थोडा लाल राहणं, पापणीची कातडी काळवंडणं हे त्याचे ओळखीचे परिणाम.

एक व्यवहाराची गोष्ट. न उघडलेली लॅटानोप्रोस्टची बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची असते, उघडल्यावर २५ अंशांपर्यंतच्या खोलीत सहा आठवडे चालते. काही कंपन्यांच्या सूचना वेगळ्या असतात, त्यामुळे खोक्यावरचं वाचून घ्या. पण ज्याने हे '२५ अंशांची खोली' लिहिलं, त्याने नागपूरच्या महाल भागातलं वरच्या मजल्याचं घर मे महिन्यात पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात उघडलेली बाटलीसुद्धा फ्रिजच्या दारात ठेवावी, फ्रीझरमध्ये नको. दुकानातून आणताना दुचाकीच्या डिक्कीत टाकून सीताबर्डीच्या बाजारभर फिरू नये. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दोन थेंबांनी दुप्पट फायदा होत नाही. दुसरा गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते.

लेझरची कहाणीही अशीच उलगडत गेली. १९७९ मध्ये वाइज आणि विटर यांनी आर्गॉन लेझरने जाळीवर बारीक डाग दिले आणि दाब उतरला. तेव्हाचं स्पष्टीकरण असं की भाजलेली जागा आकसते आणि शेजारची छिद्रं ओढली जाऊन उघडतात. ऐकायला पटण्यासारखं. नंतर ऑरेगनच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की लेझर दिलेल्या जाळीत एमएमपी-३ वाढतं, आणि तेही अडथळ्याच्या त्या शेवटच्या थरात. लेझरचा धक्का बसला की पेशी दाहाचे संदेश सोडतात आणि त्या संदेशांनी सफाईची एन्झाइमं जागी होतात. मग जाळी भाजायची गरजच काय, असा विचार पुढे आला. १९९५ मध्ये मार्क लॅटिना यांनी सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी मांडली, एसएलटी. हिरव्या रंगाचा, ५३२ नॅनोमीटरचा झोत, फक्त ३ नॅनोसेकंद. एवढ्या क्षणात उष्णता रंगद्रव्य असलेल्या पेशींपुरतीच राहते, शेजार भाजत नाही.

पेशंटच्या बाजूने ते असं असतं. डोळा बधिर करणारा थेंब, डोळे तपासायच्या नेहमीच्या यंत्रावर, म्हणजे स्लिट लॅम्पवर, हनुवटी, डोळ्यावर जेल लावलेली आरशाची लेन्स. हिरवे चमकारे आणि टिक-टिक आवाज. डॉक्टरला आरशात जाळीवर मधूनच सूक्ष्म बुडबुडा उठताना दिसतो, तो दिसला की ऊर्जा बरोबर आहे असं समजतात. पूर्ण गोल फिरून शंभरेक ठिपके, काही मिनिटांत काम संपतं, टाके नाहीत, पट्टी नाही. पूर्ण परिणाम मात्र चार-सहा आठवड्यांनी कळतो. भोक पाडलं असतं तर दाब त्याच दिवशी उतरला असता. ब्रिटनमधल्या लाइट नावाच्या चाचणीत ७१८ पेशंटपैकी निम्म्यांना सुरुवातीलाच एसएलटी दिली. २०१९ मध्ये आलेल्या निकालात त्यांच्यापैकी जवळपास ७४ टक्के तीन वर्षांनी एकही ड्रॉप न टाकता ठरलेल्या दाबात होते. त्यानंतर तिथे पहिला उपाय म्हणून एसएलटी सुचवायला सुरुवात झाली. आपल्याकडे बरेच पेशंट लेझर म्हटलं की 'शेवटचा उपाय' असं धरून चालतात. रोज ड्रॉप टाकणं जमत नसेल, महिन्याचा खर्च झेपत नसेल, तर लेझरचा विषय पहिल्याच भेटीत काढण्यात काही गैर नाही. परिणाम कायमचा नसतो, काही वर्षांनी ओसरतो, पण पुन्हा करता येतो.

मग सरळ एमएमपीचेच ड्रॉप्स का बनवत नाहीत? कारण ही कात्री जाळी आणि कॉर्निया यात भेद करत नाही. सोयाबीन कापताना किंवा तुरीच्या शेंगा झोडताना डोळ्यात काडी लागते, त्यातून बुरशीचा अल्सर होतो. तेव्हा जंतूंची, आलेल्या पांढऱ्या पेशींची आणि कॉर्नियाची स्वतःची अशी सगळी एन्झाइमं मिळून कॉर्निया अक्षरशः वितळवतात, कधी भोक पडेपर्यंत. तिथे डॉक्टर एमएमपी रोखण्यासाठी डॉक्सिसायक्लीन देतात. म्हणजे त्याच डोळ्यात पाच-सहा मिलिमीटर अंतरावर एकीकडे एन्झाइम हवं आणि दुसरीकडे नको. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटाने २०१७ मध्ये यातून एक वाट दाखवली. निरुपद्रवी विषाणूच्या मदतीने त्यांनी उंदरांच्या कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींना एमएमपी-३ चं जनुक दिलं. त्या पेशी थोडं थोडं एन्झाइम पाण्यात सोडू लागल्या, पाण्याबरोबर ते आपोआप जाळीपर्यंत पोचलं, निचरा वाढला आणि दाब उतरला. माणसांच्या दवाखान्यापर्यंत हा उपचार अजून आलेला नाही.

भारतात काचबिंदूचे सुमारे १ कोटी २० लाख रुग्ण असावेत असा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. आपल्या भागाबद्दल मात्र नुसत्या अंदाजापेक्षा चांगलं काही हाती आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ दरम्यान जिल्ह्यातल्या आठ खेड्यांत तिशीच्या पुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले; सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने ते काम जगभर वाचलं जातं. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन निघाली, तर पाश्चात्त्य लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. हे महत्त्वाचं अशासाठी की पातळ कॉर्नियावर दाब मोजला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्याचा १८ हा आकडा वाटतो तितका निर्धास्त नसू शकतो. म्हणून नुसता दाब मोजून 'नॉर्मल आहे' यावर समाधान मानू नये. जाडी मोजणारी पॅकिमेट्री, नसेची तपासणी, गोनिओस्कोपी आणि गरज वाटली तर कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट, असं सगळं मिळून चित्र तयार होतं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी त्याआधीच, एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये नेत्र विभाग आहेत. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरांची तर रांगच आहे. फील्ड टेस्टला वेळ लागतो, सकाळी जा आणि झोप झालेली असू द्या. पेंगत दिलेली टेस्ट उगाच खराब येते. घरातल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या वापरलेल्या, लेबल पुसट झालेल्या, शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, आणि दमा, सांधे किंवा कातडीसाठी स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा.